तलाव उपसण्याआधी डाग कशाचा ते तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मळ्यातल्या घरांपुढे पोहण्याचे छोटे तलाव दिसू लागले आहेत. कुणी नातवंडांसाठी बांधतो, कुणी भरीत पार्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी, कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पहिला उन्हाळा लागला की यातल्या अनेक तलावांत एकच प्रकार घडतो. पायऱ्यांवर, कोपऱ्यांत, पाणी आत सोडणाऱ्या तोंडाभोवती तपकिरी, काळपट किंवा हिरवट-निळे डाग उमटतात आणि ब्रशने कितीही घासले तरी हलत नाहीत. मग सल्ला मिळतो: सगळे पाणी सोडून द्या, ॲसिडने धुऊन काढा, पुन्हा भरा. माझे हे पत्र त्या सल्ल्याविरुद्ध आहे. असे डाग बहुतेक वेळा आपल्याच बोअरच्या पाण्यात विरघळलेल्या धातूंचे असतात. तलाव न उपसता ते काढता येतात. आणि तलाव उपसून त्याच बोअरने पुन्हा भरला, तर तेच डाग पुन्हा येतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. यजमानांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सुचवला, म्हणून मुलाने मळ्यातल्या घरामागे २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट पाण्याचा तलाव बांधून घेतला. त्यात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावते. बोअरचे पाणी सोडले तेव्हा तळाची एकेक टाइल मोजता येईल इतके ते नितळ होते. ठेकेदाराच्या माणसाने टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, निवळी करून ओतली आणि दिवस मावळायच्या आत पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढला. तो आधी म्हणाला माती असेल, नंतर म्हणाला शेवाळ असेल. आमचा जुना सालदार काठावर उभा राहून एवढेच बोलला, "बाई, आपला ठिबकना फिल्टरमा बी आसंच लाल निंघस." त्याने अगदी बरोबर ओळखले होते.

जमिनीत खोलवर हवा पोचत नाही. तिथल्या पाण्यात लोह फेरस रूपात विरघळून राहते. त्याला दिसण्याजोगा रंग नसतो, म्हणून पेला उजेडात धरून पाहिला तरी काही कळत नाही. पाणी वर येऊन हवेला लागले की हे फेरस लोह फेरिक होते, आणि फेरिक लोह तलावाच्या सामूला (पीएचला) विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे तांबूस कण बनून ते बाहेर पडते. हवेने हे काम सावकाश होते, क्लोरीनने झटपट. म्हणून टीसीएल पडताच रंग येतो. कण काही वेळ पाण्यात तरंगतात, मग खडबडीत जागा धरतात. टाइल्समधला ग्राउट, पायऱ्यांच्या कडा, सिमेंटचा गिलावा इथे डाग आधी दिसतात ते त्यामुळे. ठिबकच्या नळ्यांत लाल चिकट थर बसून ड्रीपर बंद पडतात त्यामागेही हेच लोह असते, फक्त तिथे लोहावर जगणारे जिवाणू त्याला हातभार लावतात.

लोह लागते तरी किती? लिटरमागे १ मिलिग्रॅम धरले तर आमच्या तलावात झाले साडेबावीस ग्रॅम. चार-दोन खिळ्यांचे वजन, पण पातळ थर होऊन पसरले की सगळ्या पायऱ्या रंगवायला पुरेसे. लोह ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की कपड्यांवर आणि नळांच्या भांड्यांवर डाग पडतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. इतक्या लोहाने कुणी आजारी पडत नाही, त्यामुळे घरात वर्षानुवर्षे तेच पाणी प्यायले जाते आणि तपासावे असे कुणाला वाटत नाही. 'आम्ही हेच पाणी पितो, मग तलावाला काय झाले?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. पिण्याच्या पेल्यात आपण क्लोरीनचा एवढा मारा करत नाही आणि पेल्यातले पाणी महिनोन्महिने उन्हात ठेवतही नाही, हे त्याचे उत्तर. लोह दर वेळी खडकातूनच येते असेही नाही. बोअरचे लोखंडी केसिंग किंवा मोटारीवरचे जुने जीआय पाइप आतून गंजले असतील तर तेही पाण्यात उतरते. मोटार बराच काळ बंद राहून पहिले पाणी लाल येत असेल आणि थोड्या वेळाने साफ होत असेल, तर संशय आधी पाइपावर घ्यावा.

तपकिरी, विटकरी, पिवळट डाग लोहाचे. गडद तपकिरी ते काळे, कधी जांभळट छटेचे डाग मँगनीजचे. हा धातू लोहाच्या जोडीने भूजलात सापडतो आणि फार कमी प्रमाणात त्रास देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत सूट आहे. क्लोरीनशी त्याची क्रिया लोहापेक्षा संथ असते, म्हणून मँगनीजचे डाग उशिरा दिसतात आणि निघतानाही चिवटपणा करतात.

हिरवट-निळे डाग तांब्याचे. आपल्या बोअरमध्ये तांबे सहसा नसते, ते आपण स्वतः ओततो. आपल्याकडे बागायतदाराच्या घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतेच. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना हे प्रमाण तोंडपाठ असते. तलावात शेवाळ दिसले की हात त्याच डब्याकडे जातो. बाजारात शेवाळनाशक म्हणून मिळणाऱ्या अनेक द्रावणांतही तांबेच असते. मोरचूदाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा तांब्याचा. म्हणजे आमच्या तलावात १०० ग्रॅम टाकले तर २५ ग्रॅम तांबे, लिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त. क्लोरीन उन्हाने उडून जातो, तांबे कुठेही जात नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा टाकले की आधीच्यात भर पडते, आणि एक दिवस सामू वाढला किंवा क्लोरीन जास्त झाला की ते भिंतीवर बसते. पोहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पांढऱ्या केसांवर हिरवट झाक दिसू लागली तर तोही तांब्याचाच इशारा. शेवाळ येऊ द्यायचे नसेल तर क्लोरीन नियमित ठेवावा, पाणी रोज फिरते ठेवावे आणि भिंती घासाव्यात. मोरचूद बागेसाठी राहू द्यावे, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

दोन प्रकारचे डाग यांच्यासारखे दिसतात, पण त्यांचा उपाय वेगळा आहे. आपले पाणी जड, त्यामुळे पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यात लोह अडकले की तो तपकिरी दिसतो. हाताला खरखरीत लागला तर तो क्षार समजावा. दुसरा प्रकार म्हणजे एकाच जागी गोल, मध्यभागी गडद असा गंजाचा ठिपका. तिथे बहुधा एखादी पिन किंवा खिळा पडून गेलेला असतो. पण काहीच सापडले नाही आणि ठिपका पुसून पुन्हा त्याच जागी आला, तर गिलाव्याखाली सळई उघडी पडून गंजते आहे असे समजावे. तिथे पाण्यातले कोणतेही औषध उपयोगाचे नाही, गवंडीच बोलवावा लागतो.

आता ओळख कशी पटवायची ते सांगते. 'क' जीवनसत्त्वाची साधी गोळी, शक्यतो बिनरंगाची, कुटून पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधावी आणि पाण्याखालच्या डागावर मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावी. डाग तिथल्या तिथे फिका पडला तर तो लोहाचा. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या पुरचुंडीत लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, घेऊन पाहावे; त्याने हलला तर तांब्याचा संशय घ्यावा. दोन्हींना दाद दिली नाही, पण टीसीएलची चिमूट टाकल्यावर तो उडाला, तर तो जांभळाचा, पाल्याचा किंवा शेवाळाचा आहे, धातूचा नाही. पुरचुंडीची आणि टीसीएलची परीक्षा कधीही एकाच जागी पाठोपाठ करू नये. 'क' जीवनसत्त्व आणि टीसीएल यांची कोरडी भुकटी एकत्र आली तर पेट घेऊ शकते. मोजमापाची भांडीसुद्धा वेगळी ठेवावीत.

आमचा डाग पुरचुंडीखाली पाहता पाहता उजळला, आणि मग पूर्ण तलावाचा उपाय करता आला. तो थोडा विस्ताराने लिहिते, कारण मधली एक पायरी वगळली की सगळे वाया जाते.

आधी पाण्यातला क्लोरीन संपू द्यायचा. खानदेशच्या उन्हात यासाठी फार काही करावे लागत नाही. टीसीएल टाकणे थांबवून तलाव उघडा ठेवला की ऊनच ते काम करते. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थोडे थोडे टाकून क्लोरीन शून्यावर आणता येतो. तपासणीच्या पट्टीवर क्लोरीनचा रंग येईनासा झाला की सामू ७ ते ७.२ च्या दरम्यान आणायचा. या काळात तलावात कुणालाही उतरू देऊ नये, कारण पाण्यात जंतुनाशक नसते. मग ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे तेच 'क' जीवनसत्त्व पण भुकटीच्या रूपात, डागांच्या जवळून पाण्यात पसरायचे. प्रमाण १०,००० लिटरला सुमारे ६० ते १२० ग्रॅम. पंप चालू ठेवायचा. 'क' जीवनसत्त्व फेरिक लोहाला पुन्हा फेरस करते आणि फेरस विरघळते. आमच्या पायऱ्या डोळ्यांदेखत साफ झाल्या. ब्रश हातात घ्यावा लागला नाही, ॲसिडचा थेंब लागला नाही.

इथे बहुतेक जण थांबतात आणि दुसऱ्या दिवशी टीसीएल टाकतात. संध्याकाळपर्यंत डाग परत हजर होतात आणि मग 'हे जीवनसत्त्व-बिवनसत्त्व काही खरे नाही' असे ठरते. लोह भिंतीवरून सुटले, पण तलावातून गेलेले नाही. ते पाण्यात पुन्हा विरघळून बसले आहे. क्लोरीन येण्याआधी त्याला बांधून ठेवले पाहिजे. केळीला ठिबकमधून चिलेटेड झिंक, चिलेटेड फेरस देणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको. ईडीटीए जसे लोहाला धरून ठेवते आणि जमिनीत अडकू देत नाही, तसेच तलावासाठी एचईडीपी नावाचे रसायन धातूच्या कणाला धरून ठेवते आणि भिंतीवर बसू देत नाही. 'क' जीवनसत्त्वाने डाग सुटल्याबरोबर, त्याच दिवशी, डब्यावर दिलेल्या प्रमाणात ते टाकावे आणि पंप एक पूर्ण दिवस-रात्र चालू द्यावा. क्लोरीन आणि ऊन मिळून एचईडीपीचे हळूहळू विघटन करतात, म्हणून अधूनमधून थोडी भर घालावी लागते. जास्तही घालू नये, कारण विघटनातून फॉस्फेट सुटते आणि ते शेवाळाचे खाद्य.

बांधलेले लोहसुद्धा पाण्यातच असते, म्हणून त्यातले थोडे बाहेर काढणे चांगले. यासाठी हीच वेळ सगळ्यात योग्य आहे असे माझे मत आहे. या घडीला पाण्यात क्लोरीन नाही, आहे ते थोडे लोह, आणि लोह हे झाडाचे अन्नच आहे. आम्ही तलावाचा एक हिस्सा पंपाने काढून बांधावरच्या निंबांना आणि आंब्यांना दिला. मोरचूद वापरलेल्या तलावाचे पाणी मात्र बागेला देऊ नये, तांबे मातीत साचत जाते. पाणी जराही काढायचे नसेल तर दुसरा मार्ग आहे: एचईडीपी न टाकता लोहाला हवेने आणि अगदी थोड्या क्लोरीनने मुद्दाम बाहेर पडू द्यायचे, तुरटी फिरवायची, पंप बंद करून रात्रभर गाळ खाली बसू द्यायचा आणि सकाळी तळाचा गाळ ओढून थेट बाहेर टाकायचा. हा मार्ग स्वस्त आहे. पण तुरटीने सामू उतरतो, तो सांभाळावा लागतो, आणि गाळ ओढणारा हात हलका हवा.

क्लोरीन परत आणताना धीर धरावा. शिल्लक राहिलेले जीवनसत्त्व आधी क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे पट्टीवर तो दिसायला वेळ लागतो. दिसत नाही म्हणून भसकन ओतला की लोह पुन्हा बाहेर पडते. थोडा थोडा, संध्याकाळी, पाण्यात नीट विरघळवून टाकावा आणि सामू काही आठवडे ७.२ ते ७.४ मध्ये ठेवावा. तो ७.८ च्या पुढे गेला की धातूही खाली बसू लागतात आणि क्षारही.

आता ॲसिडबद्दल. बाथरूम धुण्याचे ॲसिड रिकाम्या तलावात ओतून खराट्याने घासणारे मजूर मी पाहिले आहेत. पायात चपला, तोंडावर गमछा, हातात काही नाही. हे मजूर बहुतेक सातपुड्यातल्या पाड्यांवरून कामाला आलेली तरुण मुले असतात. ॲसिडच्या वाफा हवेपेक्षा जड असल्याने चार फूट खोल खड्ड्याच्या तळाशीच साचतात, आणि घासायला वाकलेल्या माणसाचे नाक तिथेच असते. कोपऱ्यात टीसीएलचा चुरा उरला असेल तर ॲसिड पडताच क्लोरीन वायू सुटतो. त्याने फुप्फुसे भाजतात, जीवही जाऊ शकतो. एका डागासाठी दुसऱ्याच्या लेकराला त्या खड्ड्यात उतरवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. शिवाय ॲसिड डागाबरोबर ग्राउट आणि सिमेंटही खाते. पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी डागाला जास्त घट्ट जागा मिळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा रिकाम्या, तापलेल्या तलावाच्या टाइल्स सुटतात ते वेगळेच.

आणि पाणी. आमच्यासारखा छोटा तलाव एकदा सोडून दिला की २२,६०० लिटर गेले. जलजीवन मिशनचे ग्रामीण प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. त्या हिशेबाने चारशे माणसांचे एका दिवसाचे पाणी. पारोळा, अमळनेर भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात दरवर्षी बोअर खोल जात आहेत. अशा भागात तलाव बांधला असेल तर त्यातले पाणी वर्षानुवर्षे टिकवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे मी मानते. आमच्या घरी तरी हा नियम आहे.

डाग येऊच नयेत यासाठी तलाव भरण्याआधी करायची कामे सोपी आहेत. ज्याच्याकडे शेततळे किंवा मोठा हौद आहे, त्याने बोअरचे पाणी आधी तिथे उंचावरून, जुन्या तुषार सिंचनाच्या नोझलमधून किंवा झारीच्या तोंडातून फवारत सोडावे. हवा मिसळते, लोह तिथेच गंजून खाली बसते. एक-दोन दिवसांनी वरचे पाणी वाळूच्या फिल्टरमधून तलावात घ्यावे. लोहावर हा उपाय चांगला लागू पडतो. मँगनीज मात्र नुसत्या हवेने सहजासहजी बाहेर पडत नाही, त्याला खास माध्यमाचा फिल्टर लागतो. म्हणूनच आधी तपासणी हवी.

बाष्पीभवनाचा हिशेब तर क्वचितच कुणी मांडतो. कडक उन्हाळ्यात उघड्या तलावाची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर उतरते असे धरा. आमच्या तलावाला ते सुमारे १८५ लिटर. १२० दिवसांत जवळजवळ एक अख्खा तलाव हवेत जातो आणि तितकेच बोअरचे पाणी वरून घालावे लागते. उडते ते निव्वळ पाणी. लोह, मँगनीज, क्षार सगळे मागे राहतात. म्हणजे एका उन्हाळ्यात धातू दुप्पट. ताडपत्रीने तलाव झाकला तर पाणीही वाचते आणि हा साठाही थांबतो. वरून घालायला पावसाचे पाणी मिळाले तर फारच उत्तम, त्यात जमिनीतले लोह नसते. जळगाव जिल्ह्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवरून, काही वाया गेले असे धरूनही, ५०,००० लिटरच्या घरात पाणी मिळू शकते. पत्रे जुने गंजके असतील तर तिथले घेऊ नये.

पाणी तपासायला लांब जावे लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात असतात. नमुना देताना 'लोह, मँगनीज, तांबे, कठीणपणा आणि सामू' असे स्पष्ट लिहून द्यावे. मोटार काही मिनिटे चालू ठेवून मगच बाटली भरावी. धातूंच्या नमुन्यात थोडे नायट्रिक ॲसिड घालावे लागते, नाहीतर लोह वाटेतच बाटलीला चिकटते आणि अहवालात कमी दिसते. त्यामुळे बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. तोवर घरी अंदाज घ्यायचा असेल तर पेलाभर ताज्या बोअरच्या पाण्यात हिरड्याची चिमूटभर पूड टाकून ढवळावे. थोड्या वेळात निळसर-काळी छटा आली तर लोह आहे. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांच्यापासून शाई करत, तीच ही क्रिया.

आपल्या वृत्तपत्राकडे माझे मागणे असे आहे. उन्हाळा सुरू होण्याआधी कृषीविषयक पानावर खानदेशातल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पाणी तपासणी प्रयोगशाळांचे पत्ते आणि नमुना देण्याची पद्धत छापावी. ती ठिबकवाल्यांनाही उपयोगी पडेल. तलाव बांधून देणाऱ्यांनी कोटेशनसोबत ग्राहकाच्या बोअरचा धातूंचा अहवाल जोडावा. टाइल्सचा रंग दाखवायला चार भेटी होतात, तर पाण्याची एक बाटली नेणे जड नाही. ग्राहकांनीही अहवाल हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

कनिष्ठ महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. बारावीच्या प्रात्यक्षिकात मुले लोह, तांबे, मँगनीज ओळखायला शिकतातच. बाटलीतल्या क्षाराऐवजी एक दिवस त्यांना आपापल्या बोअरचे पाणी आणायला सांगा. नमुन्यात थोडे आम्ल घालून पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकले आणि लाल रंग चढला, की कुणाच्या विहिरीत, कुणाच्या बोअरमध्ये लोह आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि ती घरी जाऊन सांगतील. चोपडा तालुक्यात कुणी असा दिवस ठरवला तर मी माझी अभिकर्मके घेऊन येईन आणि दिवसभर मुलांबरोबर उभी राहीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव